ज्ञानबाजीचा नवा पट

जैन परंपरेत कवड्या-सोंगट्यांच्या खेळालाही धर्मविचाराची जोड मिळाली. ‘ज्ञानबाजी’ किंवा ‘ज्ञान चौपड’ या नावाने ओळखला जाणारा पट हे त्याचे उत्तम उदाहरण होय. आजच्या सापशिडीचा हा पूर्वज. कापडावर वा कागदावर रंगवलेल्या या पटाच्या जैन प्रकारात बहुधा ८४ घरे असत आणि माथ्यावर सिद्धशिला असे. सद्गुणाच्या घरातून शिडी वर नेई, दुर्गुणाच्या घरातील साप खाली आणी. पर्युषणाच्या दिवसांत हा पट आवर्जून मांडला जाई. पुढे हा खेळ सातासमुद्रापलीकडे गेला, घरांतील तत्त्वे हळूहळू पुसली गेली आणि मुलांसाठी निव्वळ दैवाचा खेळ उरला.

आज त्याच घरांत मोबाइलवर खेळ चालतात. दुकान बंद करून आलेला पिता मुलाच्या हातातील पडद्यावर गोळीबार पाहतो आणि अस्वस्थ होतो. मुंगीही पायाखाली येऊ नये म्हणून जपणाऱ्या कुटुंबाला हा विरोध सलणे स्वाभाविक आहे. मोबाइल काढून घेणे हा एक उपाय. तो फार काळ टिकत नाही. दुसरा उपाय कष्टाचा, पण अधिक फलदायी आहे. तो म्हणजे खेळ खेळणाऱ्या मुलाला खेळ घडवण्याकडे वळवणे. त्यासाठी लागणारे साधन विनामूल्य उपलब्ध आहे आणि त्यामागील व्यवहार व्यापारी कुटुंबांनी समजून घेण्याजोगा आहे.

साधनाची ओळख

चित्र हलवणे, दोन वस्तूंची टक्कर ओळखणे, ध्वनी वाजवणे, बोटाचा स्पर्श टिपणे ही कामे बहुतेक संगणकीय खेळांत सारखीच असतात. ती आधीच करून ठेवलेल्या साधनसंचाला ‘गेम इंजिन’ म्हणतात. अर्जेंटिनातील हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्झुर यांनी आपल्या व्यावसायिक कामासाठी असे एक इंजिन घडवले आणि २०१४ साली त्याची संपूर्ण आज्ञावली जगाला खुली केली. त्याचे नाव ‘गोदो’. सॅम्युएल बेकेट यांच्या प्रसिद्ध नाटकात ज्याची वाट पाहिली जाते तो गोदो कधीच येत नाही. इंजिनही कधी पूर्ण होणार नाही, त्यात सुधारणा चालूच राहील, असा त्या नावामागील भाव आहे. जगभरातील स्वयंसेवक त्यात भर घालतात आणि नेदरलँड्समधील गोदो फाउंडेशन देणग्यांच्या आधारे त्याची देखभाल करते.

पट मांडताना

ज्ञानबाजीचाच पट गोदोमध्ये मांडायचा झाल्यास काय करावे लागेल? येथे खेळाचा प्रत्येक घटक म्हणजे एक ‘नोड’. पटाचे चित्र एक नोड, सोंगटी दुसरा, फासा टाकण्याचे बटण तिसरा. संबंधित नोड एकत्र बांधले की ‘सीन’ तयार होतो. सोंगटीचा सीन एकदा केला की चार खेळाडूंसाठी तोच चार वेळा वापरता येतो. खेळाचे नियम ‘जीडीस्क्रिप्ट’ नावाच्या, शिकण्यास सोप्या भाषेत लिहितात. एक ते सहा यांतील कोणतीही संख्या मागणारी एक ओळ लिहिली की फासा तयार. साप आणि शिड्या म्हणजे वहीतील दोन रकान्यांची यादी: डावीकडे सोंगटी जेथे आली ते घर, उजवीकडे तिने जेथे जायचे ते घर. चाल संपली की संगणक ही यादी चाळतो आणि नोंद सापडल्यास सोंगटी हलवतो.

खरे काम यानंतर सुरू होते. क्रोधाचा साप किती खाली न्यावा? क्षमेची शिडी कोठवर पोचावी? मानापेक्षा लोभाचा साप लांब असावा काय? साप वाढले तर खेळ लांबत जातो, शिड्या वाढल्या तर त्यात गोडी राहत नाही. या प्रश्नांची उत्तरे इंजिन देत नाही. त्यासाठी मुलाला आजीकडे किंवा पाठशाळेतील गुरुजींकडे जावे लागते. घरांवरील मजकूरही मराठीत लिहिता येतो. २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून देवनागरीतील जोडाक्षरे आणि वेलांट्या योग्य रीतीने उमटतात.

भाडे आणि मालकी

विनामूल्य वस्तूकडे व्यापारी संशयाने पाहतो आणि ते योग्यच आहे. म्हणून करार वाचावा. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘युनिटी’ या बहुवापरातील इंजिनाच्या कंपनीने जाहीर केले की, उत्पन्नाची आणि वापराची ठरावीक मर्यादा ओलांडलेल्या खेळांना १ जानेवारी २०२४ पासून प्रत्येक नव्या इन्स्टॉलमागे शुल्क द्यावे लागेल. छंद म्हणून खेळ करणाऱ्या बहुतेकांना ते लागू होणार नव्हते. तरीही रोष उसळला, कारण आधीच बाजारात असलेले खेळही त्याच्या कक्षेत येत होते. भाड्याच्या जागेत पेढीचा जम बसल्यावर, गिऱ्हाइकाने उंबरा ओलांडला की दर वेळी पैसे द्या, असे जागामालकाने सांगावे, तसाच हा प्रकार होता. कंपनीने त्याच महिन्यात अटी सौम्य केल्या आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ते शुल्क रद्द केले. तोवर अनेक जण गोदोकडे वळले होते. ‘टेरारिया’ या खेळाच्या निर्मात्या री-लॉजिक कंपनीने तर गोदोला एक लाख डॉलरची देणगी दिली.

गोदोचा परवाना ‘एमआयटी’ या नावाने ओळखला जातो. त्याचा आशय असा: साधन वापरावे, बदलावे, त्यातून केलेला खेळ विकावा, कोणी हिस्सा मागणार नाही. अट एकच, मूळ कर्त्यांच्या स्वामित्वाची नोंद आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवावा. बाजाराचा खर्च मात्र वेगळा धरावा. गूगल प्लेवर नोंदणीसाठी एकदाच २५ डॉलर लागतात. स्टीमवर प्रत्येक खेळामागे १०० डॉलर भरावे लागतात आणि विक्रीतील साधारण ३० टक्के वाटा द्यावा लागतो.

शास्त्रदानाची आठवण

आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांतील शास्त्रदानाची आठवण येथे होते. श्रावक-श्राविकांनी लेखनिकांना मोबदला देऊन ग्रंथांच्या प्रती करवून घेतल्या आणि त्या भांडारांना अर्पण केल्या. पाटण, जैसलमेर, मूडबिद्री आणि विदर्भातील कारंजा येथील ग्रंथभांडारे त्या वृत्तीची साक्ष देतात. प्रत दिल्याने मूळ ग्रंथ उणा होत नाही. मुक्तस्रोत आज्ञावलीचेही तसेच आहे. दोहोंचे ध्येय एक नाही. शास्त्रदानामागे आत्मकल्याणाची दृष्टी असते, येथे कामाची सोय असते. तरीही घेणाऱ्यावर येणारे ऋण ओळखीचे आहे. सापडलेली चूक कळवणे, माहितीपत्रकाचे मराठी भाषांतर करणे किंवा शक्य तेवढी देणगी देणे, या मार्गांनी ते फेडता येते.

मर्यादांचे भान

हा छंद म्हणजे उत्पन्नाची हमी नव्हे. गोदोत प्रामुख्याने एका व्यक्तीने घडवलेला ‘ब्रोटॅटो’ जगभर गाजला; परंतु असे यश विरळा. त्या खेळातही लढाईच आहे. साधन तटस्थ असते. त्यातून हिंसेचा खेळ निघतो तसा संयमाचाही निघू शकतो. अहिंसेचा खेळ रंजक करणे अधिक अवघड आहे, आणि म्हणूनच ते आव्हान संस्कारी घरातील मुलांनी घेण्याजोगे आहे. पडद्यासमोरील वेळेची मर्यादा मात्र घडवणाऱ्यालाही लागू असावी. पटाचा आराखडा आधी कागदावर काढावा, मगच संगणक उघडावा.

पर्युषणास काही महिने उरले असता हे काम हाती घ्यावे. मग त्या दिवसांतील एका संध्याकाळी आजीने फासा टाकावा, तिची सोंगटी मानाच्या सापावरून घसरावी, आणि तो साप नेमका त्याच घरात का ठेवला, हे नातवाने तिला समजावून सांगावे.