पूर ओसरल्यानंतरचे पाणी

पुणे-सोलापूर महामार्गावरील मोडनिंब ज्या माढा तालुक्यात मोडते, त्याच्या एका अंगाने भीमा आणि दुसऱ्या अंगाने सीना वाहत असली, तरी तेथील पिढ्यांनी आजवर चिंता वाहिली ती मुख्यतः अवर्षणाची. म्हणूनच सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या महापुराने काठची गावे जलमय केली, तेव्हा टंचाईत घागरभर पाणी कसे पुरवावे हे उत्तम जाणणाऱ्या या मुलखापुढे पाण्यापासूनच जीव कसा राखावा, हा अपरिचित प्रश्न उभा राहिला.

पाणी चढत असता करावयाच्या गोष्टी थोड्या, पण तातडीच्या आहेत. कोरड्या जागी उभे राहून विजेचा मुख्य खटका बंद करावा, दावणीची जनावरे मोकळी करावीत आणि पाणी वाहत असलेला पूल, ते गुडघाभर दिसले तरी, ओलांडू नये. कारण प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो.

परंतु खरी कसोटी पूर ओसरल्यावर लागते. उकिरडे, शौचालये आणि मृत जनावरे यांवरून आलेले पाणी विहिरीत उतरले, की कॉलरा, विषमज्वर, कावीळ यांचे जंतू त्यासोबत उतरतात, आणि पाणी निवळून स्वच्छ दिसू लागले तरी ते तेथेच राहतात. अशा विहिरीस ब्लीचिंग पावडर, म्हणजे आपली टीसीएल, घालण्याचे सामान्य प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम आहे. पाच मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असल्यास सुमारे २०० ग्रॅम. पावडर बादलीत कालवून, चुन्याचा गाळ खाली बसू देऊन, वरची निवळ विहिरीत सोडावी, पाणी ढवळावे आणि किमान एक तास थांबावे. गढूळ पाण्यातील सेंद्रिय मळ बराचसा क्लोरीन स्वतःच खाऊन टाकतो. म्हणून नमुन्यात क्लोरीन तपासण्याच्या ओटी द्रावणाचे थेंब टाकून पिवळी छटा येते की नाही हे पाहावे, आणि ती न आल्यास मात्रा वाढवावी. तोवर पाणी खळखळून उकळूनच प्यावे.

चिखल उपसताना गमबूट घालावेत, कारण उंदरांच्या मूत्रातून आलेले लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायाच्या लहानशा जखमेतूनही शरीरात शिरतात. ताप आल्यास विनाविलंब वैद्यकीय सल्ला घ्यावा. जुलाब लागल्यास क्षारसंजीवनी द्यावी. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाच्या याच द्रावणाने कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचविले, कारण आतड्यात साखरेच्या जोडीने मीठ आणि त्यामागोमाग पाणी शोषले जाते.

हे सर्व ज्ञान ऐनवेळी निरुपयोगी ठरते ते साहित्याअभावी. दमट खोलीत उघड्या पोत्यात पडलेल्या टीसीएलमधला क्लोरीन उडून जातो व उरतो तो नुसता चुना. यास्तव प्रत्येक ग्रामपंचायतीने मृगाच्या आधीच आपला साठा तपासून, बंद डब्यांत, कोरड्या आणि उंच जागी ठेवण्याची तजवीज करावी.