गावात नळ आला, आता तुमचा धंदा कुठे आहे?

परवाच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: "सर, आमच्या गावात जल जीवन मिशनचं काम आलंय. पाइपलाइन टाकायचं पोटकंत्राट मिळतंय. घेऊ का?"

माझं उत्तर आधीच सांगतो. पहिल्यांदाच धंद्यात उतरत असाल आणि हातात दोन-तीन लाखच असतील, तर घेऊ नका. पण नळाकडे पाठही फिरवू नका. धंदा आहे, फक्त पाइप टाकण्यापेक्षा तो चालू ठेवण्यात जास्त आहे.

योजना तुम्हाला माहीत असेलच. 15 ऑगस्ट 2019 ला घोषणा झाली: गावातल्या प्रत्येक घरात नळ आणि माणशी रोज 55 लिटर पाणी. मूळ मुदत 2024 ची. फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पात ती 2028 पर्यंत वाढवली, आणि त्या वेळी भर कशावर दिला बघा: कामाच्या दर्जावर आणि देखभाल-दुरुस्तीवर. म्हणजे पाइप बरेच टाकून झाले, आता ते सांभाळणारा माणूस हवा.

आता आपल्या जव्हार-मोखाड्याचं बोलू. वावर-वांगणीचं नाव 1992 साली कुपोषणाने गेलेल्या मुलांमुळे राज्यभर झालं. तेव्हापासून या भागात योजना बऱ्याच आल्या, पण पाण्याचं गणित अवघडच राहिलं. पाऊस प्रचंड पडतो; पण खाली कातळ, बाजूला उतार. पाणी थांबत नाही. मार्च उजाडला की विहिरींचा तळ दिसायला लागतो आणि टँकरची वाट बघणं सुरू होतं. (मोखाड्याच्या हद्दीत मध्य वैतरणा धरण आहे आणि ते पाणी मुंबईला जातं. यावर वेगळा लेख होईल, आज नको.)

त्यात एका ग्रामपंचायतीत कितीतरी पाडे, कुणी टेकडीवर, कुणी ओहोळाकाठी. एकाच टाकीवरून पाणी सोडलं की खालच्या पाड्यात धो-धो येतं आणि वरच्या पाड्यात तोटीतून नुसती हवा. खालच्या पाड्यातला एक नळ उघडा राहिला तर वरच्या बाईला परत हंडा घेऊन उतरावं लागतं. आता विचार करा: एक बिघडलेली तोटी बदलायला जव्हारहून माणूस बोलवायचा, तर त्याचं येण्या-जाण्याचं भाडंच तोटीच्या किमतीपेक्षा जास्त होतं. म्हणून कुणी बोलवतच नाही. लोक चिंधी बांधतात, नाहीतर काठी ठोकतात. पुढे तो जोड फुटतो आणि अख्खी लाइन बंद पडते.

तुमची जागा इथे आहे. पाड्यात राहणारा आणि त्याच दिवशी पोचणारा माणूस. सामान फार लागत नाही: दोन पाइप पाने, करवत, टेफ्लॉन टेप, वायसर, तोट्या, सर्व्हिस सॅडल, थोडे एल्बो आणि निप्पल, आणि गावात ज्या मापाचा पाइप टाकलाय त्याचेच जोड. हे शेवटचं नीट लक्षात ठेवा. मी दुकानात बसतो, रोज बघतो: माणूस येतो, "पाऊण इंची द्या" म्हणतो, घरी जातो आणि बसत नाही म्हणून परत येतो. आधी आपल्या योजनेत कोणता पाइप, कोणत्या मापाचा टाकलाय ते वहीत लिहून घ्या, मगच स्टॉक भरा.

मोटरचं काम शिकलात तर तुमची किंमत दुप्पट होते. या भागात मोटर जळायची दोन मोठी कारणं: व्होल्टेज कमी-जास्त होणं, आणि उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेल्यावर पंप कोरडा चालणं. कोरडं चालू लागताच पंप बंद करणारं यंत्र पॅनेलमध्ये बसवता येतं आणि ते मोटर रिवाइंडिंगच्या मानाने स्वस्त पडतं. हे सरपंचांना समजावून सांगणारा माणूस गावात एकही नसतो. काही पाड्यांत बोअरवर सौर पंप आणि 5000 लिटरची टाकी असलेल्या छोट्या योजना आहेत. तिथे पॅनेल पुसण्यापासून काम आहे.

शिकायचं कुठे? नल जल मित्र नावाचा सरकारी कार्यक्रम आहे. त्यात प्लंबिंग, गवंडीकाम, वीज आणि पंप अशी मिळून कामं शिकवतात. ग्रामपंचायतीत चौकशी करा. बचत गटातल्या ताईंसाठी वेगळी वाट आहे: किट वापरून पाणी तपासायला प्रत्येक गावात पाच महिलांना शिकवायचं, असं योजनेतच आहे. त्यातून लगेच मोठा पैसा येणार नाही, पण पाणी समितीत तुमचा शब्द चालायला लागतो. त्या समितीत निम्म्या जागा महिलांना आहेत, हेही बऱ्याच ताईंना कुणी सांगितलेलं नसतं.

आता पैशाचं. पोटकंत्राट का नको? काम मोठ्या ठेकेदाराच्या नावावर असतं, तुमच्या नावावर कागद नसतो. सरकारकडून त्याचं बिल अडकलं की तुमचं आपोआप अडकतं, आणि मजूर मात्र शनिवारी दारात उभा. या योजनेची बिलं राज्यात किती थकली हे वर्तमानपत्रांत आलंय. 2025 मध्ये एका तरुणाच्या आत्महत्येनंतर हा विषय फार गाजला. सोनं गहाण ठेवून खोदाई करू नका, एवढंच म्हणेन.

देखभालीचे पैसे पाणीपट्टीतून आणि ग्रामपंचायतीच्या निधीतून येतात. 15 व्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखलेला होता, म्हणजे या कामाला पैसा नसतोच असं नाही. पण पंचायतीचा पैसाही उशिराच येतो. म्हणून दोन वह्या ठेवा. घरगुती काम रोख. पंचायतीचं काम उधारीवर, पण महिन्याला किती रुपयांपर्यंत, ते आधीच ठरवून आणि लेखी मागणीपत्र घेऊन.

दिवाळीनंतर निम्मा पाडा वीटभट्टीवर गेलेला असतो, हे विसरून वर्षाचा हिशोब करू नका. घरगुती कामाची कमाई पावसाळ्याच्या आसपास जास्त, हिवाळ्यात कमी. ड्रमचंही तसंच. सहा माणसांच्या घराला 55 लिटरच्या हिशोबाने रोज 330 लिटर लागतं, आणि नळ तर तासभरच येतो. साठवायचं कशात? हंडा-कळशीत मावत नाही. झाकणाचा 200 लिटरचा ड्रम या भागात विकला जातो, पण लोक घरी आणि हातात पैसे असताना. फेब्रुवारीत ड्रम भरून ठेवलेत तर भांडवल अडकलं.

आणखी एक: करार करताना दुरुस्तीची हमी द्या, पाण्याची देऊ नका. "कळवल्यापासून चोवीस तासांत दुरुस्ती" असं लिहा. "रोज पाणी" असं कधीही लिहू नका, कारण एप्रिलमध्ये विहीरच आटली की शिव्या तुम्हालाच बसतील.

सुरुवात कुठून करायची? ग्रामपंचायतीत जाऊन योजनेचं अंदाजपत्रक बघायला मागा. किती जोडण्या, पाइपचं माप काय, मोटर किती एचपीची, ठेकेदाराची दुरुस्तीची मुदत कधी संपते. शेवटची तारीख सगळ्यात महत्त्वाची, कारण तोपर्यंत फुटलेलं दुरुस्त करायची जबाबदारी त्याची. मग पाड्यात फिरा, प्रत्येक नळ उघडून बघा आणि बंद किती ते मोजा. तो आकडा घेऊन 1 मेच्या ग्रामसभेला जा. विहिरी आटलेल्या असतात, त्यामुळे त्या दिवशी पाण्यावर सगळेच बोलतात, आणि पाड्या-पाड्यातल्या बंद नळांची यादी खिशात असलेला माणूस बहुतेक तुम्ही एकटेच असाल.