जमिनीतील रेडॉन : माती आणि हवामान यांचा खेळ

डिसेंबर १९८४ मध्ये अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील लिमरिक अणुवीज प्रकल्पात एक विलक्षण प्रकार घडला. तेथील एक कर्मचारी तपासणी यंत्राजवळून जाताच किरणोत्साराचा इशारा वाजू लागला. प्रकल्पात वीजनिर्मिती अद्याप सुरू झालेली नव्हती. शोध घेता असे दिसले, की किरणोत्सारी कण तो आपल्या घरातूनच अंगावर घेऊन येत होता. घराखालच्या जमिनीतून रेडॉन वायू आत शिरत होता आणि त्याचे प्रमाण सुरक्षित पातळीच्या शेकडो पट होते.

रेडॉनला रंग, वास वा चव नाही. खडकांतील युरेनियमपासून कालांतराने रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन तयार होतो. दर ३.८ दिवसांनी त्याचे प्रमाण निम्मे होते. या अल्प मुदतीत तो पृष्ठभागापर्यंत पोहोचतो की वाटेतच नष्ट होतो, हे माती आणि हवामान ठरवतात.

वाळू वा मुरूम यांतून वायू सहज वर येतो. घट्ट चिकण माती त्याला अडवते. मात्र तीच माती वाळून भेगाळली, की वायूला वाट मिळते. ओलाव्याचा परिणाम दुहेरी असतो. कणांभोवती पाण्याचा पातळ थर असला, तर कणातून बाहेर उसळलेला रेडॉनचा अणू शेजारच्या कणात रुतून न बसता मधल्या पोकळीत थांबतो. त्यामुळे वायू अधिक सुटतो. परंतु पावसाने सर्व पोकळ्या भरल्या, की पाण्यातून त्याची गती अतिशय मंदावते. अशा वेळी घराबाहेरील ओली जमीन झाकणासारखी बसते आणि वायू घराखालच्या कोरड्या मातीकडे वळतो. गोठलेली जमीनही हेच करते.

हवेचा दाब उतरला, की मातीतील हवा वर ओढली जाते. दाब वाढला, की ती आत दाबली जाते. थंड प्रदेशांत हिवाळ्यात घरे बंद करून तापवली जातात. उबदार हवा वर चढून बाहेर पडते आणि तिच्या जागी फरशीच्या भेगांतून जमिनीतील हवा आत येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रेडॉन हे फुफ्फुसाच्या कर्करोगाचे एक प्रमुख कारण आहे. धूम्रपान करणाऱ्यांना त्याचा धोका अधिक असतो. संघटनेने घरातील हवेसाठी दर घनमीटरला १०० बेकरेल ही संदर्भ पातळी सुचवली आहे. मोजमाप मात्र एका दिवसाचे पुरेसे नाही. आजचा पाऊस वा उद्याचा वारा आकडा बदलून टाकतो. म्हणून काही महिने सलग मोजणे हितावह ठरते.

महाराष्ट्राचा बराच भाग व्यापणाऱ्या बेसाल्ट खडकात युरेनियमचे प्रमाण ग्रॅनाइटच्या तुलनेत कमी असते, आणि आपल्याकडे खिडक्याही बहुधा उघड्या असतात. परंतु शिक्षण वा नोकरीनिमित्त थंड देशांत, विशेषतः तळघरात वा तळमजल्यावर राहणाऱ्या आपल्या मुलामुलींनी ही चाचणी अवश्य करून घ्यावी. प्रमाण अधिक निघाले तरी घाबरण्याचे कारण नाही. भेगा बुजवणे आणि फरशीखालून नळी टाकून पंख्याने वायू छपरावर सोडणे, हा उपाय परिणामकारक ठरला आहे. जे डोळ्यांना दिसत नाही, तेही मोजता येते; आणि जे मोजता येते, त्यावर उपाय शोधता येतो.