गुण शाळेचे की घराचे?

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, पाचव्या अ‍ॅव्हेन्यूवर, ओल्ड स्टोन हाउसच्या बागेजवळ एम. एस. ५१ ही सरकारी शाळा आहे. तिथून दक्षिणेला जेमतेम तीन किलोमीटरवर, सनसेट पार्क वस्तीत, एम. एस. १३६ आहे. दोन्ही शाळांत सहावी ते आठवीचे वर्ग आहेत, फी दोन्हीकडे नाही आणि शिक्षकांची वेतनश्रेणीही एकच. शहराच्या ३२ शालेय विभागांपैकी ‘डिस्ट्रिक्ट १५’ या एकाच विभागात दोन्ही मोडतात. तरी वर्षानुवर्षं पहिल्या शाळेत प्रवेशासाठी पालकांची झुंबड उडायची, आणि त्या शाळेभोवतीच्या पार्क स्लोप वस्तीतल्या सुखवस्तू घरांत दुसऱ्या शाळेचा विचारही फारसा होत नसे. कारण विचारलं की निकालाकडे बोट दाखवलं जाई.

निकाल खोटे नव्हते. न्यूयॉर्क राज्य तिसरी ते आठवीच्या मुलांची दरवर्षी इंग्रजी आणि गणिताची परीक्षा घेतं. तिच्यात चार पातळ्या असतात. तिसरी किंवा चौथी पातळी गाठली की मुलाला विषय येतो असं धरतात. शाळेतल्या किती टक्के मुलांनी ती गाठली, या एका आकड्यावर शाळेची पत ठरते, आसपासच्या घरांच्या किमतीही हलतात. मायकल ब्लूमबर्ग महापौर असताना शहराने प्रत्येक शाळेला ‘ए’ ते ‘एफ’ अशी श्रेणीच देऊन टाकली होती. २००७मध्ये सुरू झालेली ती पद्धत नव्या प्रशासनाने २०१४मध्ये बंद केली. पालकांची सवय मात्र गेली नाही.

आता दोन काल्पनिक शाळा घेऊ. पहिल्या शाळेत सहावीला येणाऱ्या १०० मुलांपैकी ८० मुलं आधीच तिसऱ्या पातळीवर आहेत आणि आठवीअखेर ८२ होतात. दुसऱ्या शाळेत २० मुलं त्या पातळीवर येतात आणि आठवीअखेर ४५ होतात. वर्तमानपत्रात छापून येईल ते ८२ आणि ४५. शिक्षकांनी तीन वर्षांत काय केलं, हे त्या दोन आकड्यांत कुठेच दिसत नाही. पहिल्या शाळेचं श्रेय बरंचसं प्राथमिक शाळेचं, घरातल्या पुस्तकांचं, आईवडिलांच्या मोकळ्या वेळेचं असू शकतं. दुसऱ्या शाळेने २५ मुलांना वर उचललं, आणि तरी तिला ‘कमी निकालाची शाळा’ म्हणतात. ‘शंभर टक्के निकाला’चे फलक लावणाऱ्या आपल्याकडच्या शाळांनाही हाच प्रश्न विचारायला हवा: नववीत किती मुलं होती, त्यांतली दहावीच्या परीक्षेला किती बसली?

डिस्ट्रिक्ट १५मध्ये गोष्ट इथेच संपत नव्हती, कारण मुलं शाळा निवडत तशा शाळाही मुलं निवडत. मिडल स्कूलच्या, म्हणजे सहावी ते आठवीच्या शाळांच्या, प्रवेशात चौथीचे गुण, हजेरी, वागणुकीचे शेरे पाहिले जात. काही शाळा स्वतःची चाचणी, मुलाखत किंवा गाण्या-नाचण्याची निवडचाचणी घेत. शाळा पाहायला पालकांनी कामाच्या दिवशी रजा काढून जायचं. हॉटेलच्या भटारखान्यात किंवा कपड्यांच्या कारखान्यात रोजंदारीवर काम करणाऱ्या आईला ते कसं जमणार? घरच्या अडचणींमुळे उशिराने शाळेत पोचण्याची शिक्षा दहा वर्षांच्या पोराने का भोगायची, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. परिणाम असा की विभागात ११ मिडल स्कूल असताना दहातली आठ गोरी मुलं एम. एस. ५१, एम. एस. ४४७ आणि न्यू व्हॉइसेस या तीनच शाळांत एकवटली होती. लॅटिनो आणि चिनी स्थलांतरितांची वस्ती असलेल्या सनसेट पार्कमधल्या शाळांत गरीब घरांतल्या मुलांचं प्रमाण प्रचंड होतं. न्यूयॉर्क राज्यातल्या शाळा देशात सर्वाधिक विभागलेल्या आहेत, असं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या अभ्यासगटाने २०१४मध्ये सांगितलं होतं. डिस्ट्रिक्ट १५ हे त्याचं जवळून पाहता येणारं उदाहरण होतं.

बदल घडला तो खालून, पालकांच्या आणि शिक्षकांच्या रेट्याने. सभांवर सभा झाल्या, नकाशे मांडले गेले, स्पॅनिश आणि चिनी भाषेतल्या दुभाष्यांसह चर्चा झाली. सप्टेंबर २०१८मध्ये महापौर बिल डी ब्लासिओ आणि शिक्षणप्रमुख रिचर्ड कारान्झा यांनी आराखडा मंजूर केला. डी ब्लासिओ यांची स्वतःची दोन्ही मुलं एम. एस. ५१मध्येच शिकलेली. आराखड्याने ११ही शाळांतल्या गुण-हजेरी-निवडचाचणीच्या सगळ्या अटी काढून टाकल्या आणि सोडत आणली. प्रत्येक शाळेत ५२ टक्के जागांवर प्राधान्य कमी उत्पन्नाच्या घरांतल्या, इंग्रजी शिकत असलेल्या किंवा तात्पुरत्या निवाऱ्यात राहणाऱ्या मुलांना. विभागात अशा मुलांचं प्रमाणच तेवढं होतं.

सोडत म्हटलं की आपल्याकडे आरटीईच्या २५ टक्के जागा आठवतात. तिथे खासगी शाळेतल्या काही जागांचा प्रश्न असतो, इथे सरकारी शाळांतल्या सगळ्याच जागांचा. शिवाय इथे चिठ्ठी आंधळी नाही. पालक आपल्या पसंतीच्या शाळा क्रमाने लिहून देतात, प्रत्येक मुलाला एक यादृच्छिक क्रमांक मिळतो आणि संगणक दोन्हींची सांगड घालतो. ही रीत डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली या गणितज्ञांनी १९६२मध्ये मांडली. पुढे अ‍ॅल्विन रॉथ, पराग पाठक आणि अतिला अब्दुलकादिरोग्लू या अर्थशास्त्रज्ञांनी तिला न्यूयॉर्कच्या शाळाप्रवेशाच्या रूपात बसवलं, आणि रॉथ व शॅपली यांना २०१२मध्ये नोबेल मिळालं. तिचा मोठा गुण असा की पालकांना डावपेच लढवावे लागत नाहीत. खरी पसंती खऱ्या क्रमाने लिहिणं हेच फायद्याचं ठरतं.

पहिली तुकडी २०१९च्या सप्टेंबरात सहावीत बसली. चांगली मुलं मागे पडतील, सुखवस्तू घरं विभाग सोडून जातील, ही भीती पालकसभांत उघड बोलली गेली होती. अर्थशास्त्रज्ञ क्लेमांस इदू यांच्या अभ्यासात मात्र विभागातल्या शाळांमधली आर्थिक विभागणी निम्म्याहून अधिक घटल्याचं दिसलं, वांशिक विभागणीही बरीच कमी झाली. निकालांवर काय परिणाम झाला हे सांगणं अवघड आहे, कारण हीच तुकडी सहावीत असताना मार्च २०२०मध्ये कोरोनामुळे शाळा बंद पडल्या आणि त्या वर्षीची राज्य परीक्षाच झाली नाही.

सोडतीचा आणखी एक उपयोग आहे, आणि शाळांची तुलना करणाऱ्याला तोच सर्वांत मोलाचा वाटावा. दोन मुलांची पसंती सारखी, परिस्थिती सारखी, फक्त चिठ्ठीतल्या क्रमांकामुळे एक या शाळेत गेलं आणि दुसरं त्या शाळेत, तर पुढे दिसणारा फरक घराचा नसून शाळेचा असतो. याच तत्त्वावर जोशुआ अँग्रिस्ट, पराग पाठक आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क आणि डेन्व्हर शहरांतल्या शाळा तपासल्या. गोऱ्या मुलांचं प्रमाण जास्त, तिथे शाळेची श्रेणीही वरची, हे त्यांना दिसलंच. पण शाळेने मुलाच्या शिकण्यात प्रत्यक्ष घातलेली भर मोजली, तेव्हा तिचा गोऱ्या मुलांच्या प्रमाणाशी जवळपास काहीच संबंध उरला नाही. पालक श्रेणी बघून शाळा निवडत होते, तेव्हा बरेचदा ते वर्गातलं शिकवणं नव्हे, बाकावरची मुलं निवडत होते.

मग पाचवीतल्या मुलाच्या पालकाने बघायचं काय? शहराच्या वार्षिक शाळा अहवालात एक रकाना असतो: सारख्या परिस्थितीतल्या मुलांनी इतर शाळांत काय केलं आणि या शाळेत काय केलं. टक्केवारीआधी तो वाचावा. परीक्षेला किती मुलं बसली हेही पाहावं. २०१५मध्ये राज्यातल्या सुमारे २० टक्के मुलांच्या पालकांनी परीक्षेवर बहिष्कार टाकला होता, आणि निम्मा वर्ग गैरहजर असेल तर सरासरीला अर्थ राहत नाही. लहान शाळेत दहा मुलांनी चित्र पालटतं, म्हणून एका वर्षाच्या निकालावर जाऊ नये. आठवीत बीजगणित शिकवतात का, आणि ते सगळ्यांना की निवडक वर्गाला, हे मुख्याध्यापकांना थेट विचारावं. इमारत मिश्र झाली तरी आत वर्ग वेगळे राहू शकतात, आणि ते कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

कोरोनाकाळात शहरभर थांबवलेल्या गुणाधारित अटी परत आणायच्या की नाही, हा निर्णय २०२२मध्ये एकेका विभागावर सोडण्यात आला. काहींनी त्या आणल्या, डिस्ट्रिक्ट १५ने सोडत चालू ठेवली. जिथे शाळा पुन्हा मुलं निवडू लागल्या, तिथे चांगल्या निकालाचं श्रेय नेमकं कोणाचं, हे ओळखणं पालकांना पूर्वीइतकंच कठीण झालं आहे. डिस्ट्रिक्ट १५मध्ये निदान ते मोजून पाहता येतं.