भूक आहे, म्हणजे अन्नही असेल?

पोट भरलेलं, घर नांदतं, तरी ‘हे सगळं कशासाठी?’ हा प्रश्न माणसाची पाठ सोडत नाही. या प्रश्नामागची ओढ ईश्वराच्या अस्तित्वाची खूण मानावी का?

ब्रिटिश लेखक सी. एस. लुईस यांना तसं वाटे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बीबीसी रेडिओवर दिलेल्या त्यांच्या भाषणांतून १९५२ मध्ये ‘मिअर ख्रिश्चॅनिटी’ हे पुस्तक झालं. त्यातला युक्तिवाद असा: माणसाला उपजत भूक असते आणि जगात अन्नही असतं. मग जगातल्या कशानेच न शमणारी ओढ असेल, तर तिचं समाधान जगापलीकडे असण्याचा संभव अधिक.

मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइड यांनी १९२७ मध्येच उलट बाजू मांडली होती: असहाय माणसाला पित्यासारखा आधार हवा असतो, म्हणून तो देव कल्पितो. फ्रेंच लेखक आल्बेर काम्यूंच्या मते (१९४२) ओढ खरी, पण विश्व निरुत्तर.

अन्न आहे हे आपल्याला भुकेवरून नव्हे, चवीवरून कळतं. म्हणून लुईस यांचा युक्तिवाद पुरावा ठरत नाही. पण एखादी गोष्ट हवीशी वाटते, एवढ्याने ती खोटीही ठरत नाही. ओढ दार उघडं ठेवते. शोध ज्याचा त्यानेच घ्यायचा.