पहाटे तीनची लोकल आणि बेचाळीस किलोमीटर

मुंबई मॅरेथॉनच्या रविवारी मध्य रेल्वे कल्याणहून पहाटे तीनच्या सुमारास एक खास लोकल सोडते. साडेचारच्या आसपास ती सीएसएमटीला पोचते आणि पाचला पूर्ण मॅरेथॉन सुटते. डोंबिवली, ठाणे, मुलुंड करत गाडी भरत जाते. छातीवर चार पिनांनी टाचलेला क्रमांकाचा बिब, हातात अर्धं केळं, पिशवीत इलेक्ट्रालची बाटली. बोलणं एकाच विषयावर चाललेलं असतं: काल रात्री काय खाल्लं, पोट साफ झालं का, पहिले दहा किलोमीटर कसे काढायचे. दुपारच्या परतीच्या गाडीत हेच लोक गळ्यात पदक घालून बसतात आणि तेव्हा तर बोलणं संपतच नाही. ठाणे-कल्याण पट्ट्यातलं हौशी धावणं समजून घ्यायचं असेल, तर या दोन प्रवासांत जे बोललं जातं ते ऐकावं. इथली धावण्याची खरी शाळा तीच आहे.

असं म्हणायला कारण आहे. 2004 साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली तेव्हा चाळिशीच्या आसपासची जी माणसं धावायला लागली, त्यांना कोणी प्रशिक्षक नव्हता. शाळेत खो-खो, कबड्डी खेळून झाल्यावर मैदानाशी संबंध सुटलेला. बँकेत, शाळेत, आयटीत, रेल्वेत नोकरी आणि जाऊन-येऊन तीन तास लोकलचे. वेळ उरतो तो पहाटेचा. म्हणून कल्याणच्या रिंग रोडवर, ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्यावर, ठाण्यात उपवनच्या तलावाभोवती आणि येऊरच्या चढावर अंधार असतानाच पावलं वाजायला लागतात. बूट कसे घ्यावेत, मीठ किती घ्यावं, कधी थांबावं, हे या लोकांना कुणा पुस्तकानं शिकवलं नाही. आदल्या वर्षी धावून आलेल्या काकांनी किंवा ताईंनी आपला शर्यतीचा दिवस सांगितला आणि ऐकणाऱ्यांनी त्यातून आपलं उचललं.

ठाणेकरांची तालीम त्याआधीपासूनची आहे. महापालिकेची महापौर वर्षा मॅरेथॉन जवळपास तीन दशकांची. नावाप्रमाणे ती पावसाळ्यात होते, मुख्य शर्यत 21 किलोमीटरची. आज चाळिशीत असलेल्या अनेकांनी पहिली धाव शाळेच्या गणवेशात इथेच घेतली. या शर्यतीच्या आठवणींत पाऊस असतोच. पाचव्या किलोमीटरला मोजे चिंब होतात आणि पंधराव्याला तळव्याची कातडी सोलवटते. सुती मोजे घालायचे नाहीत, पायाच्या बोटांना आणि काखेत व्हॅसलीन चोपडायचं, हे ठाण्यातल्या नवख्याला पहिल्याच आठवड्यात कोणी ना कोणी सांगतं. सांगणाऱ्याची टाच कधीतरी फाटलेली असते, म्हणून ऐकणारा ते विसरत नाही.

मुंबईची पूर्ण मॅरेथॉन मात्र वेगळंच प्रकरण. यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन तिशीच्या पुढे, बत्तीसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येतं. धावक त्याला ‘भिंत’ म्हणतात. त्यात हवा दमट असल्यानं घाम वाळत नाही आणि अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर एरवी पायी जाता येत नाही, त्यामुळे तिथली पहाट सगळेच रंगवून सांगतात. पण ऐकण्यासारखा भाग त्याच्या नंतरचा. परतताना, छत्तिसाव्या-सदतिसाव्या किलोमीटरला, वर्षानुवर्षे मुंबईकर धावकांची परीक्षा घेणारा पेडर रोडचा चढ. डोंबिवलीच्या एका शिक्षिकेचं सांगणं मला फार मोलाचं वाटलं. त्या म्हणाल्या, ‘चढ दिसला आणि पोटऱ्यांत गोळे आले. ठरल्या वेगानं धावणाऱ्या पेसरचा घोळका समोरून निघून गेला. फुटपाथवर एक आजी ताटलीत संत्र्याच्या फोडी आणि चिमूटभर मीठ घेऊन उभ्या होत्या. मी फोड मिठात बुडवून खाल्ली, चालत चढ चढले, उतारावर पुन्हा धावले.’ त्याच्या पुढच्या वर्षीपासून त्यांच्या गटात सगळ्यांच्या खिशात मिठाची पुडी असते. चढ चालत चढण्यात कमीपणा नाही, हेही तेव्हाच सगळ्यांच्या मनात बसलं.

याच बोलण्यातून एक धोकाही लोकांना कळला. तहान नसताना प्रत्येक टेबलावर थांबून नुसतं पाणी पीत राहिलं, की रक्तातलं सोडियम उतरतं. मळमळतं, डोकं दुखतं, माणूस गोंधळतो, आणि प्रसंगी ते जिवावरही बेततं. ‘भरपूर पाणी प्या’ हा घरचा सल्ला शर्यतीच्या दिवशी जसाच्या तसा चालत नाही.

साताऱ्याला जाऊन आलेल्यांच्या आठवणी उताराच्या असतात. 2012 पासून होणाऱ्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वर घाट चढायचा आणि त्याच रस्त्यानं उतरायचं. 2015 मध्ये इथे 2,618 धावकांनी शर्यत पूर्ण केली आणि डोंगरावरच्या शर्यतीतल्या सर्वाधिक धावकांचा गिनीज विक्रम झाला. नवखे चढाला घाबरतात. दोन दिवस जिना उतरता न आलेला माणूस मात्र सांगतो की मांड्या मोडतात त्या उतारावर. ठाणेकर हल्ली येऊरवरून उतरण्याचाही सराव करतात, तो त्यामुळे.

मग पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायची ट्रायथलॉन आली. 2015 साली अभिनेते मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकची ‘आयर्नमॅन’ ही लांब पल्ल्याची ट्रायथलॉन पूर्ण केली आणि मराठी घरांतही हा शब्द रुळला. पुण्याचे कौस्तुभ राडकर यांच्यासारख्या प्रशिक्षकांमुळे नोकरदारांनाही ती वाट दिसली. 20 ऑक्टोबर 2019 रोजी गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर भारतातली पहिली आयर्नमॅन 70.3, म्हणजे निम्म्या अंतराची आयर्नमॅन, झाली: 1.9 किलोमीटर पोहणं, 90 किलोमीटर सायकल, 21.1 किलोमीटर धावणं, सगळं साडेआठ तासांत. परदेशाचं विमान न परवडणाऱ्यांना ही शर्यत रात्रीच्या गाडीच्या अंतरावर आली.

इथे आपल्या भागातल्या माणसाची खरी अडचण समुद्र. सायकलला नाशिक महामार्ग आहे. पहाटे पडघ्यापर्यंत, सुट्टीच्या दिवशी कसाऱ्यापर्यंत जाऊन येतात. पोहणं मात्र तरणतलावातल्या पाऊण तासाच्या बॅचमध्ये, एका रांगेत सातआठ जणांसोबत. तलावात तळाशी काळी रेघ असते आणि पंचवीस-पन्नास मीटरवर हात टेकायला भिंत असते. मिरामारला यातलं काही नाही. ठाण्यातले एक लेखापाल सांगत होते, ‘शंभर मीटरवरच कोणाची तरी टाच चष्म्यावर बसली, खारं पाणी घशात गेलं आणि श्वासच लागेना.’ ते उताणे झाले, आकाशाकडे बघत मोठे श्वास घेतले, मग सुरक्षा पथकाच्या कयाकला हात लावून थांबले. कयाकला धरून पुढे सरकायचं नाही, पण नुसतं धरून विश्रांती घेतली तर चालतं, हा नियम त्यांना आधीच्या वर्षी जाऊन आलेल्या मित्राकडून ठाऊक होता. तो माहीत नसता तर हात वर करून बाहेर आलो असतो, असं ते म्हणाले. पुढे दर सातआठ हातांनंतर डोकं वर काढून मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या बोया शोधत ते पोहले आणि 70 मिनिटांच्या मर्यादेत वाळूवर उभे राहिले. पाय धुणं, आधी हेल्मेटचा पट्टा लावणं आणि मगच सायकलला हात लावणं, हेही असंच ऐकून पाठ झालेलं. आता गोव्याला जाणारे बरेच जण आधी मालवणला चिवला किनाऱ्यावरच्या डिसेंबरातल्या समुद्री स्पर्धेत उतरतात. समुद्राची पहिली भीती तिथेच घालवून यावी, हे मला अगदी योग्य वाटतं.

बायकांचे शर्यतीचे दिवस अजून पुरेसे सांगितले जात नाहीत. त्यांची पहाट आदल्या रात्री सुरू होते. भाजी चिरून ठेवायची, मुलांचं बघायचं, अंधारात एकटीनं निघायचं नाही म्हणून सोबत जमवायची. शर्यतीच्या दिवशी पाळी आली तर काय करायचं, मार्गावर स्वच्छतागृह कितव्या किलोमीटरला आहे, हे प्रश्न पुरुषांच्या बोलण्यात येतच नाहीत. डोंबिवली-कल्याणात बायकांचे वेगळे गट झाले तेव्हा कुठे ही माहिती मोकळेपणी एकीकडून दुसरीकडे जाऊ लागली. दिवाळीनंतर मुंबई मॅरेथॉनला अडीच-तीन महिने उरतात आणि लांब पल्ल्याचे सराव नेमके फराळाच्या दिवसांत वाढतात. चकल्या तळून रात्री अकराला ओटा पुसणारी बाई दुसऱ्या दिवशी पाचला पंचवीस किलोमीटर धावायला डोंबिवलीच्या फडके रोडवर उभी असते. तिच्या सरावाचा हिशेब निव्वळ वेगात मांडणं मला अन्यायाचं वाटतं.

तक्रार करावीशी वाटते ती एकाच गोष्टीची. पूर्ण झालेल्या शर्यतीच सांगितल्या जातात. वेळ, वेग, पदकासह फोटो, अभिनंदन. निकालात नावापुढे ‘डीएनएफ’ म्हणजे शर्यत अपूर्ण असा शेरा लागलेला माणूस गप्प बसतो आणि त्याच्यासोबत सगळ्यात उपयोगाची माहितीही गप्प होते. कल्याणच्या एका गृहस्थांनी तसं केलं नाही. गोव्यात सायकलच्या वेळमर्यादेत न बसल्यानं त्यांना थांबवलं गेलं. परत आल्यावर पुढच्या रविवारी त्यांनी गटाला बसवून सगळं सांगितलं: पोहून आल्याच्या आनंदात पहिली फेरी जोरात मारली, पहिल्या तासात घोटभरही पाणी प्यायलं नाही, साठ किलोमीटरनंतर पोटात अन्न ठरेना, उन्हात उतरून झाडाखाली बसावं लागलं. त्यांनी हृदयाचे ठोके, बाटलीतलं मीठ, खाल्लेल्या जेलच्या वेळा, सगळं वहीत लिहून आणलं होतं. ती वही गटात फिरली. पुढच्या वर्षी जाणाऱ्यांनी सायकलच्या घड्याळात दर पंधरा मिनिटांचा पाण्याचा गजर लावला आणि पहाटेऐवजी एप्रिलच्या दुपारी कल्याण-पडघा रस्त्यावर सराव केला. त्यांच्यातले बहुतेक जण वेळेत सायकलवरून उतरले, आणि गृहस्थ स्वतः त्या दिवशी मिरामारला धावण्याच्या मार्गावर बर्फाची पिशवी घेऊन उभे होते.