नेट गेलं तरी लाईट लागली पाहिजे : मुळशीतलं एक स्मार्ट घर आणि माझी चूक

गेल्या जुलैतली गोष्ट. रात्री दीड वाजता मामाचा फोन आला. मामाचं घर पौडच्या पुढे, मुळशी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला. म्हणाला, "अरे, घरात लाईट आहे, फ्रिज चालू आहे, पण एक बल्ब लागेना. आई बाथरूमला उठली होती, पॅसेजमध्ये पडली."

आजीच्या मनगटाला मुका मार लागला, त्यापुढे काही नाही. पण आधीच्या दिवाळीत ते घर "स्मार्ट" मीच केलं होतं. मी हिंजवडीत सॉफ्टवेअर लिहितो. हिंजवडीही मुळशी तालुक्यातच येते, पण तिथलं नेट आणि धरणाजवळचं नेट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो मी हिशोबात धरलाच नव्हता.

झालं काय होतं? मी सगळीकडे वायफायवाले बल्ब लावले. बल्बला सतत करंट मिळाला पाहिजे म्हणून भिंतीवरची जुनी बटणं काढली, वायर आतून थेट जोडली आणि वर कोरी पट्टी बसवली. तिच्या शेजारी बॅटरीवर चालणारी, चिकटवायची वायरलेस बटणं. दिसायला एक नंबर! फोटो काढून स्टेटसलाही टाकला होता. त्या संध्याकाळी रस्त्यात झाड पडलं आणि फायबरची केबल तुटली. लाईट होती, नेट नव्हतं. आणि नेट नाही म्हणजे बटण दाबून उपयोग नाही.

हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या खोलीतला स्वस्तातला स्मार्ट बल्बही बहुतेक असाच चालतो. तुम्ही ॲपमध्ये "ऑन" दाबता तेव्हा तो निरोप दोन मीटरवरच्या बल्बकडे सरळ जात नाही. फोनमधून राउटरला, राउटरमधून नेट कंपनीकडे, तिथून बल्बच्या कंपनीच्या सर्व्हरला, तो सर्व्हर कदाचित दुसऱ्या देशात. तिथे तुमचं खातं तपासलं जातं आणि मग निरोप त्याच वाटेने उलटा तुमच्या घरात येतो. सगळं सेकंदाच्या आत होतं म्हणून आपल्याला वाटतं, बल्ब फोनचं ऐकतोय. तो ऐकतो सर्व्हरचं. काही बल्ब घरातल्या घरात थेट निरोपही घेतात. मी घेतलेले घेत नव्हते, आणि खरेदी करताना मी ते पाहिलंही नव्हतं. बॉक्सवर रंग किती ते वाचलं, एवढंच.

झाड पडणं ही मुळशीची अडचण वाटेल. पण सर्व्हर कायमचा बंद होणं ही तुमचीही अडचण आहे. रिवॉल्व्ह नावाचा एक स्मार्ट होम हब होता. ती कंपनी नेस्टने विकत घेतली आणि 2016 च्या मे महिन्यात त्याची सेवा बंद केली. लोकांच्या घरातला चांगला चालू डबा एका दिवसात शोभेचा झाला. 2022 च्या एप्रिलमध्ये इन्स्टिऑनचे सर्व्हर असेच अचानक बंद पडले. लोकांच्या घरात वायरिंग ठीक, वस्तू ठीक, फक्त त्यांचा मेंदू जिथे ठेवला होता ती जागा गेली.

गंमत म्हणजे बरोबर उत्तर मामाच्या विहिरीवर कित्येक वर्षं लटकत होतं. मोटरचा मोबाईल स्टार्टर! आपल्याकडच्या शेतकऱ्यांना स्मार्ट होम शिकवायला जाऊ नये, ते आपल्या आधीपासून वापरतात. सिमकार्ड टाकलेला डबा, घरून कॉल लावायचा, मोटर चालू. पण तो डबा बसवताना कोणी स्टार्टरवरची हिरवी-लाल बटणं काढून टाकत नाही. रेंज गेली तर माणूस चालत जातो आणि बटण दाबतो. आजी दुसऱ्या दिवशी नेमकं हेच बोलली, "बाळा, तुझं घर असंल हुशार, पर अंधारात मला बटन सापडंना."

मग मी सगळं उलटं केलं.

पहिलं काम, भिंतीवरची साधी बटणं परत लावली. स्मार्टपणा बल्बमध्ये ठेवण्याऐवजी बटणाच्या मागे ठेवला. बोर्डच्या आत बसणारे काडेपेटीएवढे रिले मॉड्यूल मिळतात. बटण दाबलं तरी लाईट लागते, ॲपमधून लावली तरी लागते. नेट, वायफाय, मेंदू सगळं मेलं तरी बटण चालतं. बल्बही मग साधा, कोपऱ्यावरच्या दुकानातला चालतो.

यात एकच अडचण येते, न्यूट्रलची. साध्या बटणात फक्त फेजची वायर येते आणि पुढे बल्बला जाते. न्यूट्रल परस्पर बल्बकडे गेलेली असते. रिलेला स्वतःला जगायला करंट लागतो, म्हणून त्याला बोर्डमध्ये न्यूट्रल हवी. ओळखायचं कसं? ज्या बोर्डवर चार्जर लावायचं सॉकेट आहे तिथे न्यूट्रल असतेच, नाहीतर सॉकेट चाललंच नसतं. फक्त बटणं असलेल्या बोर्डात ती असेलच असं नाही. बिनन्यूट्रलचे मॉड्यूलही मिळतात, पण ते बल्बमधूनच थोडासा करंट ओढतात आणि मग कमी वॅटचा एलईडी बंद केल्यावरही मिणमिणत राहतो. आणि यूट्यूब बघून बोर्ड उघडू नका. मीही वायरमनला बोलावलं, त्याने आधी डीबीतून मेन पाडला, टेस्टर लावून पाहिला आणि मगच हात घातला.

दुसरं काम, मेंदू घरात आणला. होम असिस्टंट नावाचं एक फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, 2013 पासून चालू असलेलं. रास्पबेरी पायवर किंवा जुन्या छोट्या पीसीवर चालतं. घरातल्या सगळ्या वस्तू त्याच्याशी बोलतात, "सूर्य मावळला की ओटीवरचा दिवा लाव" असले नियम तिथेच साठवले जातात. बाहेरचं नेट फक्त मी पुण्यातून घर पाहतो तेव्हा लागतं. एवढा खटाटोप नको असेल तर निदान वस्तू घेताना बॉक्सवर मॅटर हे नाव शोधा. मॅटर हे 2022 मध्ये आलेलं समाईक मानक आहे. त्यात वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तू एकमेकींशी घरातल्या घरात बोलतात. आवाजाने हुकूम द्यायचा असेल तर बहुतेक वेळा नेट लागतंच, कारण तुमचं बोलणं समजून घेण्याचं काम सर्व्हरवर होतं.

सेन्सर मी झिग्बीचे घेतले. झिग्बी कमी वीज खातं, एक नाणं-बॅटरी कित्येक महिने पुरते, आणि त्यात वस्तू एकमेकींचे निरोप पुढे ढकलतात. मामाच्या जुन्या घराच्या दगडी भिंती दीड फूट जाडीच्या. त्यातून वायफायसुद्धा मुश्किलीने जातं, म्हणून ही साखळी बरी वाटली. पण इथे मी दुसऱ्यांदा तोंडावर पडलो. निरोप पुढे ढकलायचं काम फक्त थेट विजेवरच्या वस्तू करतात, बॅटरीवरच्या करत नाहीत. लाईट गेली की मधला प्लग मेला, तो मेला की त्याच्यामागचे सगळे सेन्सर मुके. शेवटी मधल्या दोन वस्तू इन्व्हर्टरच्या लाईनवर घेतल्या. मेंदूचा डबा आणि राउटरही तिथेच.

जाता जाता : नवीन बल्ब ॲपला सापडतच नाही ही तक्रार मला आठवड्यातून एकदा तरी येते. बहुतेक स्वस्त वस्तू 2.4 गिगाहर्ट्झचंच वायफाय ओळखतात आणि तुमचा फोन 5 वर असतो. जोडणी होईपर्यंत फोन 2.4 वर घ्या. 2.4 हळू आहे, पण भिंतीतून जास्त लांब जातं.

लाईट जाण्यावरून आजीचा एक जुना टोमणा आहे. मुळशीच्या पाण्यावर मुंबई उजळली, आणि इथे पाऊस आला की मेणबत्ती. इतिहास तिच्या बाजूचा आहे. टाटांच्या धरणात जमिनी जाऊ नयेत म्हणून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली 1921 मध्ये मुळशी सत्याग्रह उभा राहिला. धरण झालंच, पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात उतरलं आणि वीज मुंबईकडे गेली. ताम्हिणीचा पाऊस महाराष्ट्रातल्या सर्वांत जोरदार पावसांपैकी. तारा तुटणार, लाईट जाणार. हे गृहीत धरूनच घर बांधावं लागतं.

आणि लाईट जाण्यापेक्षा येण्याची भीती जास्त. बऱ्याच स्मार्ट वस्तूंच्या सेटिंगमध्ये एक ओळ असते : वीज परत आल्यावर काय करायचं? चालू, बंद, की आधी होतं तसं. कोणी ती उघडून पाहत नाही. दिव्यांना "आधी होतं तसं" ठीक आहे. गिझरला मात्र "बंद"च ठेवा, नाहीतर तुम्ही पुण्यात आणि रिकाम्या घरात पहाटे तीनपासून गिझर तापतोय. गिझरवरून अजून एक. 2000 वॅटचा गिझर 230 व्होल्टला जवळपास 8.7 अँपिअर ओढतो, 3000 वॅटचा 13. त्याला 10 अँपिअरचा स्वस्त स्मार्ट प्लग लावला तर आज ना उद्या प्लग वितळणार. 16 अँपिअरचाच घ्या.

वळवाच्या पावसात वीज कडाडते तेव्हाचा झटका वेगळा. डीबीमध्ये सर्ज प्रोटेक्टर बसवून घ्या, पण त्याआधी अर्थिंग तपासा. सर्ज प्रोटेक्टर जास्तीचा करंट जमिनीत ढकलतो. जमिनीकडे जाणारी वाटच खराब असेल तर तो नुसता बसून राहतो. गेटवरच्या कॅमेऱ्यापर्यंत मी अंगणातून तांब्याची लॅन केबल टाकली होती. ती काढून फायबर टाकली, कारण काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही.

आता होम थिएटर. मामाला ते घरापेक्षा प्यारं. आतल्या खोलीत पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे 5.1. इथे बांधकाम चालू असतानाच एक गोष्ट करून घ्या : भिंतीत रिकामे पाईप टाका, आत ओढायची तार सोडून ठेवा. केबलचं मानक बदलत राहतं, पाईप राहतो. प्रोजेक्टरपर्यंत दहा मीटर साधी एचडीएमआय ओढली तर 4के चित्र मध्येच काळं पडण्याची दाट शक्यता. तेवढ्या अंतराला फायबरवाली एचडीएमआय लागते. टीव्हीचा आवाज ॲम्प्लिफायरला पाठवायचा तर ज्या खाचेजवळ एआरसी किंवा ईएआरसी लिहिलंय त्याच खाचेत केबल घाला. निम्म्या घरांत ती शेजारच्या खाचेत असते आणि लोक स्पीकरला शिव्या देतात.

"गाणी मोठ्यानं, बोलणं ऐकूच येत नाही" हे रडगाणंही सगळीकडचं. 5.1 मध्ये संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात. फक्त त्याचा आवाज दोन-तीन डेसिबल वाढवा, रात्री नाईट मोड लावा. साउंडबारमध्येही बऱ्याचदा ही सोय असते. आणि मामाला आवडणारे जुने मराठी चित्रपट बहुतेक मोनो आवाजाचे. त्यांना पाच स्पीकर लावून काही वाढत नाही. एक चांगला मधला स्पीकर पुरतो. मी हे सांगितलं तेव्हा मामा दोन दिवस बोलला नाही.

शेवटची गोष्ट वायरची नाही, पण मला सगळ्यांत जास्त खटकते. मुळशीत वीकेंडचे बंगले भरपूर, आणि तिथली सिस्टीम बसवणारा माणूस सोयीसाठी सगळं स्वतःच्या खात्यावर चालू करून देतो. मालकाला ॲपमध्ये फक्त सदस्य करतो. म्हणजे घर तुमचं, कॅमेरे तुमचे, पण ॲपच्या लेखी घरमालक तो. उद्या तो तुम्हाला काढू शकतो, आणि आज आत बघू शकतो. आत्ताच ॲप उघडा, घराच्या सेटिंगमध्ये मालक म्हणून कोणाचं नाव आहे ते पाहा. दुसऱ्याचं असेल तर मालकी तुमच्या ईमेलवर करून घ्या, पासवर्ड बदला, जुने पाहुणे काढा. मामाच्या घरात ते नाव माझं होतं. बदललं.

या जूनमध्ये केबल पुन्हा तुटली, चार दिवस नेट नव्हतं. मला ते पाचव्या दिवशी कळलं, तेही मामाने थिएटरची तक्रार करायला फोन केला तेव्हा. खोलीवर पत्रा आहे आणि मुळशीचा पाऊस पत्र्यावर पडायला लागला की सबवूफरचं काही चालत नाही. पत्र्याखाली रॉकवूल भरून जिप्समचं छत करायचं ठरलंय, पावसाळा संपल्यावर.